रंग उतरवा, पण अंगणात नको

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या ऑइलपेंटमधल्या शिशावर एक छोटं टिपण आलं होतं. जुन्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसं असतं, कोरडं घासलं की त्याची धूळ पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते कायमचं बाधतं, एवढंच त्यात होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे: काम घराबाहेर असताना आडोसा करायचा तरी कसा?

प्रश्न : मातीच्या भिंतींचं जुनं घर आहे. पुढचं सागवानी दार आणि दोन खिडक्या यांवर हिरव्या-पिवळ्या ऑइलपेंटचे पाच-सहा थर आहेत, पोपडे सुटलेत. समोर ओटा, पुढे सारवलेलं अंगण. घरात दोन वर्षांची नात आहे. पेंटर म्हणतो, ब्लो लॅम्पने दोन दिवसांत मोकळं करून देतो. काम बाहेरचं आहे, सगळं वाऱ्यावर जाईल, प्लास्टिकची गरज नाही. प्लास्टिक टाकायचं तर कुठे, किती, कसं, ते नेमकं सांगा.
(ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : वाऱ्यावर काही जात नाही, फार तर शेजाऱ्याच्या अंगणात जातं. रंगाचा जड पोपडा भिंतीपासून दोन-चार फुटांत पडतो, बारीक भुकटी जरा पुढे जाऊन बसते. फरशी असती तर पुसून घेता आली असती. सारवलेल्या अंगणातून ती झाडून निघत नाही, पुढच्या सारवणात मिसळते. शिसं कुजत नाही, विरत नाही. अंगणात खेळणारं पोर हात तोंडात घालतं, तिथून ते पोटात जातं.

ब्लो लॅम्पला आधी नाही म्हणा. शिसं ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतं. ज्योतीखाली रंग जळून त्याचा जो सूक्ष्म धूर होतो तो कुठल्याही प्लास्टिकने अडत नाही. वर कौलांखाली वाळलेली लाकडं आहेत, तो धोका वेगळाच.

रंगात शिसं आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. लाकडापर्यंतचे सगळे थर येतील असा तुकडा प्रयोगशाळेत देऊन तपासता येतं. तेवढं जमत नसेल तर जुना ऑइलपेंट शिशाचाच आहे असं धरून चाला, विशेषतः पिवळा, हिरवा आणि लाल. घरगुती रंगांत ९० पीपीएमची मर्यादा (किलोभर वाळलेल्या रंगात ९० मिलिग्रॅम) आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. तो नियम नव्या रंगाचा आहे, जुना कसा उतरवायचा यावर त्यात काही नाही. म्हणून खालची १० आणि २० फुटांची मापं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या घरदुरुस्ती नियमांतून घेतली आहेत. तिथे ते एप्रिल २०१० पासून लागू आहेत. बाकीचं आपल्या अंगणाप्रमाणे बसवलं आहे.

सगळा रंग काढलाच पाहिजे असं नाही. जो घट्ट बसला आहे तो जागीच राहू द्या. सुटलेला काढून, कडा ओल्या वॉटर पेपरने सारख्या करून, प्राइमर आणि नवा रंग दिला तरी चालतं. पूर्ण काढायचा तो जिथे लाकूड लाकडाला घासतं तिथला, म्हणजे कवाडाच्या कडा आणि चौकटीची खाच, आणि नातीचे दात पोचतील तिथला, उदाहरणार्थ खिडकीचा खालचा काठ. काम निम्म्याने कमी होतं, धूळही.

कवाडं बिजागऱ्यांतून निघत असतील तर काढून दोन बाकांवर आडवी ठेवा. उभ्या लाकडावरून पाणी खाली पळतं, आडव्यावर ते थांबतं आणि रंग भिजवतं. मग उभ्याने करायला फक्त चौकट आणि खिडक्या उरतात. बाक मात्र अंथरलेल्या प्लास्टिकवरच, मधोमध हवेत.

आता प्लास्टिक. कामाच्या जागेपासून पुढे १० फूट आणि दोन्ही बाजूंना १०-१० फूट जमीन झाकली गेली पाहिजे. दोन्ही खिडक्या धरून तुमचा पट्टा १४ फूट रुंद असेल तर लांबी ३४ फूट झाली. रुंदीत भिंतीवर चढवायचा भाग, ओट्याची उंची आणि बाहेरच्या कडेचा बांध धरा, १४ फूट लागतील. जाडी ६०० गेज, म्हणजे १५० मायक्रॉन. कृषी केंद्रात हे किलोवर मिळतं. एवढ्या मापाला सहा किलोच्या वर लागतं, जोडाची चढण धरून सात घ्या. मल्चिंगची पन्नी २५-३० मायक्रॉनची असते, चपलेखाली फाटते. शेततळ्याच्या ५०० मायक्रॉन अस्तराचा तुकडा पडलेला असेल तर खालचा थर म्हणून उत्तम, पण तो ताठ असतो, घडी नीट पडत नाही, म्हणून वर पातळ प्लास्टिक हवंच. ताडपत्रीच्या विणीत भुकटी अडकते. आणि आपल्याकडे तीच ताडपत्री पुढच्या महिन्यात सोयाबीन किंवा तूर वाळवायला निघते. तेव्हा ताडपत्री नको.

सगळ्यात जास्त चूक भिंत आणि प्लास्टिक यांच्या सांध्यात होते. लोक प्लास्टिक भिंतीला टेकवून सोडून देतात. नेमके पोपडे तिथेच पडतात आणि फटीतून खाली मातीत जातात. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, तासाभरात सुटते. त्यापेक्षा प्लास्टिक भिंतीवर सहा इंच वर चढवा, त्यावर इंचभर रुंदीची लाकडी पट्टी ठेवून फुटाफुटावर खिळे मारा. दाराखाली प्लास्टिक उंबऱ्यावर घेऊन आतल्या बाजूला दाबा. ओटा असल्याने ते भिंतीपासूनच सुरू होऊन ओट्यावरून, पायऱ्यांवरून, सलग अंगणात उतरलं पाहिजे. ओट्याच्या कोपऱ्यात ताणून बसवू नका, ढिलं ठेवा. ताणलेलं प्लास्टिक पाय पडला की कोपऱ्यातच फाटतं.

बाहेरच्या तिन्ही कडा विटांवर किंवा बांबूवर गुंडाळून चार ते सहा इंच उंच करा. वावराला धुरा, म्हणजे बांध, असतो तसा हा धुरा. ओघळणारं पाणी आणि घरंगळणारे पोपडे इथे थांबतात. दोन तुकडे जोडायचे तर एकमेकांवर फूटभर चढवा, वरचा तुकडा भिंतीच्या बाजूचा, कौलं चढवतात त्या रीतीने. मग या मोठ्या अंथरुणावर, भिंतीलगत, चार फूट रुंदीचं दुसरं पातळ प्लास्टिक टाका. ऐंशी टक्के कचरा याच्यावर पडेल असा अंदाज ठेवा. संध्याकाळी हेच गुंडाळायचं आणि सकाळी नवं टाकायचं, म्हणजे खालचं शेवटपर्यंत टिकतं.

ओलं प्लास्टिक निसरडं असतं. शिडीचे पाय त्यावर ठेवू नका. तिथे चीर पाडून पाय घट्ट जमिनीवर टेकवा आणि चिरेभोवती चिकटपट्टी लावा.

काम सुरू करण्याआधी २० फुटांतली दारं-खिडक्या बंद, शेजाऱ्यांच्याही. त्यांना आदल्या दिवशी सांगा. पाण्याचा माठ, वाळत घातलेल्या कुरडया नि मिरच्या, कपडे, बाज, कुटाराचा ढीग हे सगळं हलवा. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर झाका. कोंबड्या खुराड्यात, शेळ्या-गुरं दूर. तुळशी वृंदावन हलत नाही, त्याला प्लास्टिक गुंडाळून दोरी बांधा. नात आणि घरात कुणी गरोदर असेल तर ती, दोघींना काम संपून पुसापुशी होईपर्यंत दुसरीकडे ठेवणं उत्तम.

खरवडताना लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब टाकून हाताच्या स्प्रेने भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग खरवडायच्या पत्तीने काढा आणि पुन्हा भिजवा. धार सोडू नका, पाणी ओघळून धुऱ्याबाहेर गेलं तर आडोशाचा उपयोग नाही. फवारणीचा पंप घेऊ नका, त्यात औषधाचा अंश असतो. घासायचं तर वॉटर पेपर ओला करून हाताने. विजेच्या बोर्डाजवळ मेन स्विच बंद करून, ओल्या फडक्याने हळू.

संध्याकाळी झाडू हातात घेऊ नका. पोपड्यांवर पाणी शिंपडा, आतलं प्लास्टिक चारी बाजूंनी आत दुमडत गुंडाळा, जाड पिशवीत भरा, पाऊण भरली की तोंड पिळून, वाकवून बांधा, वरून दुसरी पिशवी. खताचं पोतं वरचं आवरण म्हणून ठीक. एकटं चालत नाही, विणीतून भुकटी गळते. शेवटच्या दिवशी बॅटरीचा झोत जमिनीला समांतर धरून धुऱ्याबाहेरची तीन-चार फुटं तपासा. पडलेला बारीक तुकडा लांब सावली टाकतो, सहज दिसतो. हातमोजे घालून वेचून घ्या.

पिशव्या उकिरड्यावर नकोत, तेच शेणखत वावरात जातं. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे रंगाचे डबे आणि तत्सम कचरा बाकीच्यात न मिसळता वेगळा द्यायचा असतो. ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि उचलला जाईपर्यंत पिशव्या झाकणाच्या ड्रममध्ये, चिठ्ठी लावून, कुलपात ठेवा. फडकी धुतलेलं पाणी अंगणात किंवा दोन खड्ड्यांच्या शौचालयात ओतू नका. त्या खड्ड्यातलं खत उद्या शेतातच जाणार. टबात, वर जाळी टाकून, उन्हात आटू द्या. तळाचा गाळ पिशवीत. म्हणून पाणी जपूनच वापरायचं.

प्रश्न : आमच्या आणि समोरच्या घरात चार फुटांची बोळ आहे, १० फूट प्लास्टिक टाकायला जागाच नाही. बांबूला प्लास्टिक बांधून पडदा केला होता. एप्रिलमधल्या दुपारी बांबूसकट आडवा झाला, नशीब खाली कुणी नव्हतं. हिरवी शेडनेट लावली तर वारा जाईल-येईल आणि पडणार नाही. चालेल का?
(ता. उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : शेडनेटने वाऱ्याचा जोर मोडतो, धूळ अडत नाही. पडद्याबाहेर फूटभरावर दुसरी ओळ म्हणून लावा, एकटी नको.

शेजारची हद्द १० फुटांच्या आत असेल तर उभा पडदा लागतोच, यात तुमचं बरोबर होतं. चुकला तो महिना आणि बांधणी. दहा फूट लांब, आठ फूट उंच पडदा म्हणजे ८० चौरस फुटांचं शीड. ताशी ३० किलोमीटरचा वारा त्यावर ३५ ते ४० किलोचा जोर लावतो, आणि तोही झटक्याने. नुसता रोवलेला बांबू मुळाशी हलतो.

बांबू दीड-दोन फूट खोल, पाच-पाच फुटांवर रोवा आणि मुळाशी मुरूम ठोकून बसवा. डोक्यावर, मध्ये आणि जमिनीलगत असे तीन आडवे बांबू बांधा. वरचा आडवा कामाच्या सगळ्यात उंच जागेपेक्षा निदान दीड फूट वर हवा. बोळीत ताण द्यायला बाहेरच्या बाजूला जागा नसते, तेव्हा बांबूंची डोकी घराच्या वाशांना किंवा ओट्याच्या खांबांना आडव्या बल्लीने जखडा. शेजाऱ्याच्या पन्हाळीला दोरी बांधू नका, पन्हाळ येते हातात. प्लास्टिकला थेट भोक पाडून दोरी ओवली की तिथूनच फाटत जातं. कडेत सुपारीएवढा खडा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधा, ती सुटत नाही.

पडद्याचं खालचं टोक जमिनीवरच्या प्लास्टिकच्या धुऱ्याच्या आत पडलं पाहिजे. बाहेर पडलं तर पडद्यावरून ओघळलेलं सगळं बोळीत. ही एक गोष्ट पहिल्यांदा बांधणाऱ्यांपैकी बहुतेक जण उलटी करतात. दोन्ही टोकांना पडदा भिंतीकडे वळवून बंद करा, वरून मोकळा ठेवा. छत केलंत तर आत भट्टी होते आणि पेंटर मास्क काढून टाकतो.

आणि पडदा कितीही पक्का असला तरी वाऱ्याशी भांडायला तो नाही. रस्त्यावरची धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले, कडुलिंबाच्या बारीक फांद्या हलायला लागल्या, की वारा ताशी २० ते २८ किलोमीटरचा झाला असं समजा. तिथे थांबायचं, आतलं प्लास्टिक गुंडाळायचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे सकाळी दहानंतर रोजचंच, त्यात मध्येच वावटळ. शिवाय त्या उन्हात भिजवलेला रंग दोन मिनिटांत कोरडा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाचे: सकाळ शांत, पाऊस बहुधा नाही. लग्नसराईसाठी मेमध्येच करायचं असेल तर सहा ते नऊ एवढंच करा, आणि पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची संध्याकाळी घ्या, म्हणजे सावलीत काम होतं.

प्रश्न : माझं वेल्डिंगचं दुकान आहे. जुनी फाटकं, ग्रिल दुरुस्तीला येतात. ग्राइंडरला कप ब्रश लावून रंग काढतो, मग कटिंग. लाल प्रायमर म्हणजे शिसंच का?
(ता. मेहकर, जि. बुलडाणा)

उत्तर : दोन लाल वेगळे. रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा गंज-रंग, त्यात मुळात शिसं नाही. रेड लेड म्हणजे शिशाचा शेंदूर; जुन्या लोखंडी कामावर तोही असतो, नारिंगीकडे झुकलेला. वरच्या ऑइलपेंटमुळे ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही सारख्याच काळजीने हाताळा.

कप ब्रशचा ग्राइंडर हे या सगळ्यातलं सर्वांत वाईट हत्यार. हजारो फेऱ्यांनी रंगाची पिठासारखी धूळ होते आणि ती १० फुटांत थांबत नाही. ग्राइंडरला बंद आवरण आणि हेपा गाळणीचा (अगदी बारीक धूळही धरणारा) व्हॅक्यूम जोडलेला नसेल तर तो रंगासाठी वापरू नका. साधा व्हॅक्यूम मोठे कण धरतो आणि बारीक मागून बाहेर फेकतो. फाटक काढून प्लास्टिकवर आडवं ठेवा, ओलं करून पत्तीने आणि हाताच्या तारेच्या ब्रशने काढा. गॅस कटिंग किंवा वेल्डिंग करायची तिथे दोन्ही बाजूंना निदान चार इंच धातू आधी उघडा करा. रंगावरूनच ज्योत फिरवली तर धूर सरळ तुमच्या नाकात. दुकानाची जमीन मातीची असेल तर ती रोज ओली करून झाडण्यापेक्षा एका कोपऱ्यात सिमेंटचा आठ बाय दहाचा चौथरा घाला, कडेला विटेचा धुरा. पुसता येतो.

प्रश्न : तुमचं टिपण वाचायच्या आधीच काम होऊन गेलं. चौकटी अंगणात कोरड्याच घासल्या, पोपडे झाडून उकिरड्यावर टाकले, एक कुजकी चौकट फोडून चुलीत घातली. कोंबड्या अंगणातच फिरतात. दोन पाटी रंग मातीत गेला असेल. आता काय?
(ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : घाबरून उपयोग नाही, पण आज-उद्या करण्यासारखं बरंच आहे.

चुलीपासून सुरुवात करा. रंगीत लाकडातलं शिसं जळून जात नाही, बरंचसं राखेत राहतं, आणि त्याच राखेने भांडी घासली जातात. ती राख, चुलीतली आणि राखेच्या डब्यातली, ओली करून पिशवीत भरा. चूल आणि भोवतालची जागा ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्या, मग सारवा. उरलेलं रंगीत लाकूड चुलीत नको, पाणी तापवायला नको, होळीत तर नकोच.

अंगणात जिथे घासलं तिथून सगळीकडे १० फूट आखा. पाणी शिंपडा, दिसणारे पोपडे वेचा, मग फावड्याने वरची तीन-चार सेंटिमीटर माती खरवडून पिशव्यांत भरा. ओट्याच्या पायथ्याशी आणि वळचणीखाली जास्त खोल जा, तिथे पावसाचं पाणी साचतं. उघड्या झालेल्या जागेवर चार इंच स्वच्छ मुरूम ठोकून बसवा, वर सारवण. नुसतं सारवून झाकलंत तर महिन्या-दोन महिन्यांत ते उडतं आणि जुनी माती वर येते. काढलेली माती परसबागेत किंवा धुऱ्यावर पसरू नका. उकिरड्याचा जो भाग ताजा आहे, पोपडे दिसतात, तो वेगळा काढा.

कोंबड्या पोपडे खडे समजून टिपतात आणि शिसं अंड्याच्या बलकात उतरतं. अंगण नीट होईपर्यंत त्यांना दुसऱ्या जागी ठेवा आणि त्यांची अंडी मुलांना देऊ नका. गुरांना रंग चाटायची खोड असते आणि शिसं त्यांना फार लवकर बाधतं. एखादं जनावर दात खातंय, भिंतीवर आदळतंय, दिसेनासं झाल्यासारखं वागतंय असं वाटलं तर लगेच पशुवैद्यकाला दाखवा आणि रंगाची गोष्ट आपणहून सांगा, नाही तर निदान दुसरीकडेच जातं.

घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी करा, शिरेतून घेतलेल्या रक्ताची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनाप्रमाणे डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं असतं. त्याखालचा आकडा म्हणजे सुरक्षित असा अर्थ नाही. शिशाला सुरक्षित पातळी सापडलेली नाही. मूल वरून ठणठणीत दिसतं म्हणून तपासणी टाळू नका.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. रंगकामाला निधी आला आहे. मागच्या वेळी ठेकेदाराने शाळा भरलेली असतानाच खिडक्या आणि वर्गाच्या भिंतींचे खालचे पट्टे घासले, धूळ थेट पोषण आहाराच्या शेडपर्यंत. काय अट घालता येईल?
(ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : भिंतीचा तीन-चार फुटांचा खालचा पट्टा ऑइलपेंटचा असतो आणि मुलं पाठ टेकून बसतात तिथलाच तो सुटतो, तेव्हा काळजी रास्त आहे. वरच्या चुन्याची किंवा डिस्टेंपरची भीती कमी.

काम सुरू झाल्यावर भांडून काही मिळत नाही, अंदाजपत्रकातच लिहून घ्या. ठरावात एवढं पुरे: काम दिवाळीच्या सुट्टीत, ब्लो लॅम्प आणि कोरडी यांत्रिक घासाई नाही, ओलं खरवडणं, १५० मायक्रॉन प्लास्टिक, कामापासून १० फूट, रोज गुंडाळून पिशवीबंद, शाळा उघडण्याआधी फरशी, बाकं, खिडकीचे कट्टे साबणाच्या पाण्याने दोनदा पुसणं, आणि नव्या रंगाच्या डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा छाप. प्लास्टिक आणि मजुरी यांची वेगळी ओळ अंदाजपत्रकात हवी. नसली की ठेकेदार "यात बसत नाही" म्हणतो, आणि खरंच बसत नसतं.

उन्हाळी सुट्टी मोठी, विदर्भात शाळाही उशिरा उघडतात, म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे असतो. वाऱ्यामुळे ती सोयीची नाही, हे वर आलंच आहे. पिशव्या फार झाल्या तर घंटागाडीच्या भरवशावर राहू नका. घातक कचऱ्याचं केंद्र बुटीबोरीला आहे. तिथवर पोचवायची रीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारा. अशी कार्यालयं नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला आहेत, तुम्हाला अमरावती जवळ. पोषण आहाराची शेड आणि हातपंप कामाच्या २० फुटांत येत असतील तर त्या दिवसांत दोन्ही झाकून बंद.

प्रश्न : वीस वर्षं पेंटरचं काम करतो. तोंडाला दुपट्टा बांधतो. ओलं करून घासलं तर मास्क लागेल का? आणि इतक्या वर्षांत अंगात गेलं असेल ते निघतं का?
(ता. मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : दादा, दुपट्टा किंवा फवारणीचा कापडी मास्क माशी अडवतो, ही धूळ नाही. ओल्या कामालाही निदान एन-९५ किंवा एफएफपी-२ घाला. दोन पट्ट्यांचा, डोक्यामागे बसणारा. कानात अडकवायचा ढिला बसतो. रोजचं काम असेल तर बदलत्या गाळण्यांचा अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क शेवटी स्वस्त पडतो. दाढी असेल तर कुठलाही मास्क नीट चिकटत नाही.

पण तुमच्या धंद्यात नाकापेक्षा तोंडाची वाट मोठी आहे. पत्ती खाली ठेवली की त्याच हाताने खर्रा घोटला जातो, तंबाखू-चुना मळला जातो, आणि बोटांवरचं शिसं त्यात मिसळून गालात राहतं. प्लास्टिकच्या धुऱ्याच्या आत खर्रा, बिडी, चहा काहीच नाही. बाहेर येताना चपला आतच काढा, हात साबणाने धुवा, नखं घासा, चूळ भरा, मगच खा. सॅनिटायझरने शिसं जात नाही. कामाचा शर्ट-पँट आत घातलेला तिथेच काढा, घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, आणि तो अंगावर असताना लेकरू उचलून घेऊ नका. पेंटरांच्या घरच्या मुलांपर्यंत शिसं पोचतं ते बहुतेक असंच.

अंगात गेलेलं शिसं काही प्रमाणात लघवीवाटे जातं, बाकीचं हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना धंदा काय ते सांगा. पोटात कळा, बद्धकोष्ठ, हातापायांना मुंग्या, वाढलेला रक्तदाब यांतलं काही असेल तर तेही. औषध लागतं की नाही हे आकडा पाहून तेच ठरवतील. कुणी सांगितलेला काढा किंवा भस्म घेऊ नका, काही भस्मांत शिसंच असतं.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याचा आजोबांच्या वेळचा लाकडी बैल आहे. रंग उडालाय. खरवडून नव्याने रंगवून नातवाला द्यावा म्हणतो.
(नागपूर ग्रामीण)

उत्तर : नक्षीच्या खाचांतून जुना रंग पूर्ण निघत नाही आणि नातू तो बैल चाटणार. आजोबांचा बैल ओल्या फडक्याने पुसून, वर दोन हात नवा रंग देऊन, उंच फळीवर ठेवा आणि पूजेपुरता काढा. मिरवायला नवा घ्या, बिनरंगी सागवानी मिळाला तर आणखी चांगलं. झूल शिवली की उठून दिसतो.